वन्संचा मध आणि माझा घसा

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील आणि मधमाश्याही खुशाल असतील. इकडे आई (तुमच्या आई, माझ्या नुसत्या सासूबाई) ठणठणीत आहेत. तुमचे बंधुराजही ठणठणीत आहेत. गेल्या पत्रात माझी चौकशी करायची तुमच्याकडून राहून गेली होती, म्हणून ती मीच सविस्तर कळवते.

नोकरीतून मोकळ्या झाल्यावर तुम्ही मधमाश्या पाळायला घेतल्यात आणि पहिल्या मधाच्या दोन बाटल्या आठवणीनं माहेरी पाठवल्यात. सगळ्यांनी चमचा चमचा चाखला. आईंचे डोळे भरून आले, ह्यांचा ऊर भरून आला आणि माझे ओठ भरून आले. दहा मिनिटांत ते असे सुजले की आरशात मी मलाच ओळखलं नाही. घशात कुसळ गेल्यासारखं टोचायला लागलं. ह्यांनी नवीन टूथपेस्टला दोष दिला आणि ती केराच्या टोपलीत टाकली (तीस रुपयांची होती, नुकतीच उघडलेली). दुसऱ्या दिवशी आवाज बसला, तर आई म्हणाल्या, घसा धरलाय ना, मग मध घे. काट्यानं काटा काढतात हे मी ऐकून होते, पण तोच काटा आणखी खोल रुतवून काढतात हे या घरात कळलं. तीन दिवस मी मधानं मधावर उपचार करून घेतले. चौथ्या दिवशी उजवा डोळा उघडेना, तेव्हा कुठे दवाखाना दिसला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ही मधाची ॲलर्जी आहे, फुलांच्या परागकणांची असेल. यापुढे मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही, पुढच्या वेळी श्वासनलिका बंद होऊ शकते. त्यावर हे काय म्हणाले असतील? "अहो डॉक्टर, माझी सख्खी बहीण आहे ती!" डॉक्टरीणबाई बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं लग्न झालेलं नसावं.

घरी आल्यावर निकाल लागला तो असा: माझ्या मनात ताईंविषयी अढी आहे, म्हणून ताईंचा मध माझ्या घशाखाली उतरत नाही. आता खोटं कशाला बोलू, वन्सं, अढी आहे. माझ्या बाळंतपणात तुम्ही जे बोललात ते मी विसरलेले नाही. पण अढीनं डोळा सुजत नाही. सुजला असता तर बावीस वर्षांत मी आंधळीच झाले असते.

आता मुख्य गोष्ट. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं माझं काम तुम्हाला माहीत आहेच (तुम्ही त्याला "ओरडण्याची नोकरी" म्हणता). यापुढे गाड्या यंत्र पुकारणार, पण यंत्रात आवाज माझा भरायचा असं साहेबांनी ठरवलं होतं. मी निवृत्त झाले, उद्या मेले तरी तीन नंबरच्या फलाटावर गाडी माझ्याच आवाजात लागली असती. जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिचं अख्खं स्थानक निमूटपणे ऐकणार होतं. आठवडाभर मी आरशासमोर सराव करत होते.

तुमचे भाऊ शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. आवाज भरायच्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन मला लिंबूपाणी करून दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा! तिथेच मला शंका यायला हवी होती, पण मला आनंद झाला. त्यात दोन चमचे मध होता. हिला कळलं नाही तर हिला काही होणार नाही, असा तो प्रयोग. साहित्य: एक ग्लास, एक लिंबू, एक बायको. रेकॉर्डिंगच्या खोलीत मी दोन फलाट पुकारले, तिसऱ्याला आवाज गेला आणि चौथ्याला श्वास. यंत्रवाला बिचारा भला माणूस. माझा घसा बसला असं समजून म्हणाला, "बाई, थोडा मध चाटता का?" साहेबांनी मला जीपमध्ये घालून इस्पितळात नेलं. तिथे इंजेक्शन टोचलं, नाकाला नळी लावली. वन्सं, मी खरंच घाबरले होते. हे आले, माझा हात धरला, रडलेसुद्धा. मग नर्सला मधाचं सगळं सांगितलं आणि शेवटी अनुमान काढलं की लिंबू शिळं असावं.

आता यंत्रात तिकीट खिडकीवरच्या मुलीचा आवाज आहे. ती नाकात बोलते. मी चौकशीच्या खिडकीत बसते आणि दिवसभर तिला ऐकते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. मध संपत आला आहे. आणखी चार बाटल्या मागवायला ह्यांनी सांगितलं आहे. त्याप्रमाणे मागवल्या आहेत असं समजावं.

ता. क. दुसरा: बाटल्यांबरोबर ह्यांना दोन ओळी लिहाल का? "हिला मध देऊ नकोस, जिवावर बेतेल," एवढंच. डॉक्टरांचं त्यांना पटलं नाही, इस्पितळाचं पटलं नाही, माझं तर नाहीच. तुमचा शब्द मात्र ते खाली पडू देत नाहीत. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. आता पदर पसरून मागते.

ता. क. तिसरा: पण हे तुम्हालाच सुचलं असं लिहा. मी सांगितलं हे कळलं, तर त्यांना ते खोटं वाटेल.