मागून हाक मारू नये

प्रिय ठोक्या,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हे पत्र. शेजारचा ट्रकवाला माल घेऊन राजधानीला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. हातोडी दिसली की सापडेल त्यावर ठोकत सुटायचास, म्हणून तुला हे नाव पडलं. आता टीव्हीवर तुझ्या नावाखाली ‘अर्थखात्याचे प्रवक्ते’ असं येतं, पण गल्लीला अजून ठोक्याच ठाऊक आहे. पूर्वी लाडानं म्हणायचे. आता म्हणतात, ठोक्यानं शेवटी आपल्यालाच ठोकलं. पहिल्यांदा मीही हसले होते.

दुकानाचं सांगते. नव्या करानं आपले पत्र्याचे डबे, पिंपं, पन्हळी सगळंच महागलं. गिऱ्हाईक उचलून बघतं, भाव विचारतं आणि परत ठेवतं. गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्याला मात्र कर माफ, त्याचे प्लॅस्टिकचे डबे आपल्या निम्म्या भावात. सरकार जुन्या कर्जाचं व्याज फेडायला नवं कर्ज काढतं, तेही पुरलं नाही की आमच्या गल्ल्यात हात घालतं. ऋण काढून सण करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण इथे सण कधी झाला तेच कुणाला आठवत नाही. तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात पत्र्याचा तुकडा उधार आणला नाही, आणि आता न काढलेल्या कर्जाचे हप्ते भरतायत. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो, केसांवर बसला तसा उद्या टकलावरही कर बसवतील.

बाबांचे कान पत्रा ठोकून ठोकून केव्हाच गेले, तुला माहीतच आहे. टीव्हीचा आवाज आम्ही ठेवतच नाही. पण तुझे ओठ त्यांना पाठ आहेत रे, आणि आता बघून बघून मलाही. बोलायला लागल्यापासून तू त्यांच्या समोर उभा राहून, तोंड नीट उघडून बोलायचास. परवा जेवताना तू टीव्हीवर म्हणालास, छोट्या दुकानदारांनी देशासाठी थोडी कळ सोसावी. मी घाईघाईनं त्यांना खुणेनं सांगितलं, यंदा थंडी फार आहे म्हणतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ताट सारलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी बाजारातली माणसं आली. मोर्चात बडवायला डबे हवे होते. बाबांनी उरलासुरला सगळा पत्रा कापून डबे करून दिले, पैसे घेतले नाहीत. मी विचारलं, आता दुकानात विकायचं काय? म्हणाले, विकायचं कुणाला? मांडण्या रिकाम्या पडल्यात. दुकान पुन्हा चालेल असं मला वाटत नाही, खोटं कशाला सांगू. मोर्चानं कर हटेल असंही वाटत नाही. गल्लीत कुणालाच वाटत नाही, तरी सगळे निघालेत. घरी बसून तरी काय करायचं?

सोमवारी हा मोर्चा तुझ्या कचेरीच्या फाटकाशी येतोय आणि बाबा पहिल्या रांगेत आहेत. मी अडवून पाहिलं, रडूनही पाहिलं. त्यांनीच केलेले डबे वाजतील आणि त्यांना ते ऐकू येणार नाहीत. पोलीस भोंग्यावरून ‘मागे व्हा’ म्हणतील, तेही येणार नाही. सगळे मागे होतील, हे एकटे उभे राहतील, आणि पोलिसांना वाटेल म्हातारा मुद्दाम अडून राहिलाय. आपल्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे, मागून हाक मारायची नाही, खांद्यावर हात ठेवायचा. काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मला फार भीती वाटते रे. कराचं तुम्हाला काय करायचं ते करा, त्यातलं मी काही मागत नाही. तू फक्त खिडकीत उभा राहू नकोस. भोंगा सुरू व्हायच्या आत खाली उतर आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेव. ते वळतील. मग जे काही सांगायचं असेल ते समोर उभं राहून सांग.

तुझीच,
आई