इंचात चौदा टाके

२ मे, शनिवार

बोटाला तिसऱ्यांदा सुई टोचली. पिवळ्या कापडावर रक्ताचा ठिपका. फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला तर टापटीपने (हे नाव मीच ठेवलंय, तिचा एक दोरा इकडचा तिकडे होत नाही) लिहिलं, 'मधलं लाल फूल काय गोड साधलंय!' मी आभार मानले. एकदा आभार मानल्यावर माघार कशी घेणार?

आमचं गोधडी मंडळ म्हणजे सात बायका. एरवी दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचो. खाली पुस्तकांची देवघेव मी बघते, त्यामुळे खोलीची किल्ली माझ्याकडे. मंडळात मला घेतलं ते त्या किल्लीसाठी, हातातल्या कलेसाठी नव्हे. हे मला आणि सगळ्यांनाच ठाऊक आहे. आता वाचनालय बंद, खोली बंद, सात जणी सात घरांत. मग बाईंनी फर्मान काढलं. बाई म्हणजे आमच्या म्होरक्या, तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेल्या. प्रत्येकीने आठवड्याला नऊ इंचांचा एक चौकोन शिवायचा. गुरुवारी सहाला फोटो टाकायचा, मग व्हिडिओवर बसायचं. दारं उघडली की सगळे चौकोन जोडून एक मोठी गोधडी.

तोवर मी जिवंत राहिले तर! विषाणूने नाही, सुईने जायची.

७ मे, गुरुवार

बाईंनी पडद्याला नाक लावून माझा चौकोन पाहिला. "इंचात तीन टाके. अगं, गोधडी शिवतेस की पोत्याचं तोंड?" सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास भांडी आपटली.

भांड्यांचा एवढा आवाज झाला तरी ह्यांनी मान वळवली नाही. बस बंद झाल्यापासून हे असेच. सत्तावीस वर्षं पहाटेची पहिली गाडी काढणारा माणूस. अजूनही साडेचारलाच उठतात आणि खिडकीशी बसून राहतात. बोलणं नाही, हसणं नाही. आज म्हटलं, "अहो, काहीतरी करा की." "काय करू?" "भांडी घासा." घासली. पुन्हा खिडकीशी.

मला भीती वाटते. इथे लिहिते, कुणाला सांगत नाही. हा माणूस असाच बसून बसून विझून जाईल.

११ मे

या आठवड्याचा चौकोन सापडेना. कपाट पालथं घातलं, पलंगाखाली शिरले. तर तो ह्यांच्या मांडीवर! चष्मा नाकावर, सुई डाव्या हातात (हे डावखुरे). मी घातलेले सगळे टाके उसवून नव्याने घातले होते. सरळ. मी पट्टी लावून मोजले. इंचात सहा.

"कुठे शिकलात?"

"सीट फाटायच्या. डेपोत कोण शिवून देणार?"

एवढी दोन वाक्यं सलग! गेल्या महिन्यात एवढं बोलले नव्हते.

१४ मे, गुरुवार

पाप केलं. ह्यांच्या चौकोनाचा फोटो टाकला, खाली माझं नाव.

बाई म्हणाल्या, "बसला गं हात!" मी मान खाली घालून म्हटलं, "सराव, बाई. दुसरं काय." सराव म्हणे!

हे दाराआड उभे राहून ऐकत होते. मला वाटलं रागावतील. तर विचारतात, "नक्की काय म्हणाल्या? शब्द सांग." मी शब्द सांगितले. ग्रुपवरचं सगळं वाचूनही दाखवलं, टापटीपच्या बदामांसकट. मग म्हणाले, "एक कर. मी शिवतो हे कुणाला सांगायचं नाही. कळलं, तर मी सुई ठेवून देईन."

डेपोतली माणसं थट्टा करतील म्हणून असणार. मी तिथल्या तिथे वचन दिलं. इतक्या चटकन तर मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं.

२८ मे, गुरुवार

इंचात आठ. टापटीपचे सात. टापटीपचा कॅमेरा आज 'बिघडला'.

४ जून, गुरुवार

आता एक रीतच पडलीय. सहा ते सात मी पडद्यावर मिरवते. सातला फोन घेऊन ह्यांच्यासमोर बसते आणि कोण काय म्हणालं ते वाचते. हे डोळे मिटून ऐकतात. "टाके आणखी बारीक झाले", हे वाक्य दोनदा वाचायला लावतात. मग जेवतात, चक्क दुसऱ्यांदा वाढून घेऊन. परवा तर सुईत दोरा ओवताना शीळ घालत होते.

म्हणजे हे सगळं मी ह्यांच्यासाठीच करते. असं मी रोज स्वतःला सांगते. खरं लिहायचं तर चार आणे ह्यांच्यासाठी, बारा आणे माझ्यासाठी. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात हाताला यश म्हणून कधी आलं नाही. माझ्या पोळ्यांचे नकाशे, माझ्या रांगोळ्या पुसून दुसरीने काढलेल्या. आता बाई म्हणतात, 'हिच्याकडून शिका.' खोटं का असेना, कानाला फार बरं वाटतं.

१८ जून, गुरुवार

आज मी हद्द केली.

बाईंच्या लक्षात आलं की माझ्या (!) प्रत्येक ओळीत सुरुवातीचे टाके ठसठशीत असतात आणि शेवटाकडे बारीक बारीक होत जातात. "हे मुद्दाम केलंस?"

मला काय ठाऊक? पण गप्प बसेन तर ती मी कसली. घसा खाकरून व्याख्यान दिलं. म्हटलं, "बाई, ओळीच्या सुरुवातीला आपण सगळ्या जवळ होतो. मग दारं बंद झाली. ओळ जसजशी पुढे जाते तसतसा आपल्यातला आवाज लहान होत जातो." हे कुठून सुचलं देव जाणे. वाचनालयात इतकी वर्षं धूळ खाल्ली त्याचा परिणाम. टापटीपने डोळे पुसले. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

सिस्टर मात्र पडद्याजवळ सरकून टाकेच बघत होती. ती आमच्यातली सगळ्यांत लहान, हॉस्पिटलात नर्स आहे. कपडे बदलायच्या खोलीतून दहा मिनिटं येते. गालांवर मास्कचे वळ, मांडीवर अर्धा चौकोन. म्हणाली, "काकू, जरा जवळून फोटो पाठवाल का? चार-पाच चौकोनांचे." पाठवले. शिकायचं असेल बिचारीला.

२ जुलै, गुरुवार

बाई म्हणाल्या, "आज सगळ्यांसमोर चार टाके घालून दाखव." त्याच क्षणी माझं नेट गेलं. म्हणजे मी उठून वायर उपटली.

नंतर ह्यांना म्हटलं, "अहो, पुढच्या वेळी मी फक्त तोंड दाखवते, हात तुमचे घालू." हे पोट धरून हसले. म्हणाले, "मनगटावरच्या केसांचं काय?" मी वस्तरा आणते म्हटलं. वर्षभरात आम्ही इतके हसलो नव्हतो.

९ जुलै, गुरुवार

इंचात अकरा! आणि गोधडीचा मधला चौकोन मला मिळाला. म्हणजे ह्यांना. म्हणजे मला. टापटीपने अभिनंदन केलं, तोंड आंबट. मी विनयाने मान लववली. विनय मात्र पूर्ण माझा स्वतःचा, कुणाकडून शिवून घेतलेला नाही.

१६ जुलै

डेपोतून पत्र आलं. दहा ऑगस्टपासून गाड्या सुरू. पहाटेची पहिली फेरी ह्यांनाच.

ह्यांनी पत्र तीनदा वाचलं. युनिफॉर्म काढून स्वतः इस्त्री केली. नंतर खुर्चीत बसून नुसतेच डाव्या हाताने गिअर टाकत होते, पहिला, दुसरा, तिसरा. मला भरून आलं. माझा माणूस मला परत मिळाला.

२३ जुलै, गुरुवार

मधला चौकोन झाला. चौदा टाके. बाईंनी भिंग आणलं. "तीस वर्षांत असं काम पाहिलं नाही", असं म्हणाल्या. ह्यांना शब्दन् शब्द वाचून दाखवला.

एवढंच, की पूर्वी चौकोन चार दिवसांत व्हायचा, याला तेरा लागले. बारीक काम म्हटलं की वेळ लागणारच.

२४ जुलै

सकाळी सिस्टरचा फोन. आधी म्हणाली, रागावू नका. मग विचारलं, "काकू, तुमचा हात जड पडतो का? बटणं लावताना, भाजी चिरताना? अक्षर लहान होत चाललंय का?"

मी म्हटलं, "माझं अक्षर? हत्तीएवढं! पोस्टमन रस्त्यापलीकडून वाचतो."

ती हसली नाही. म्हणाली, ओळीच्या सुरुवातीला मोठं आणि शेवटी अगदी लहान, असं तिने वॉर्डात पाहिलंय, पेशंटांच्या सह्यांमध्ये. कंपवाताच्या सुरुवातीला काहींचं असं होतं. हात थरथरायच्याही आधी. हालचालच आखूड होत जाते, आणि त्या माणसाला ते कळतही नाही. "तसं नसेलही. पण मेच्या चौकोनापासून जुलैच्या चौकोनापर्यंत सगळे फोटो मी ओळीने लावून बघितले, काकू. डॉक्टरांना एकदा दाखवाच."

मी म्हटलं, अगं, ती माझी शैली आहे.

"हो, ते तुम्ही सांगितलंत. पण हात तुमचाच आहे ना?"

"म्हणजे काय! माझाच."

फोन ठेवला. जळतात मेल्या, असं मोठ्याने म्हटलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं, हे गच्चीवर होते.

२५ जुलै

सिस्टरचं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. दिवसभर ठरवतेच आहे.

२९ जुलै

आज न राहवून ह्यांना म्हटलं, "हात ओले आहेत माझे, तेवढी वाण्याची यादी लिहा ना." मी सांगत गेले, हे लिहीत गेले. तांदूळ नीट आला. साखर नीट. मग तूरडाळ, मीठ, तेल. खाली खाली अक्षरं बसत गेली. शेवटी मी साबण सांगितला होता. कागदावर मुंगी मेल्यासारखं काहीतरी होतं.

"चष्म्याचा नंबर वाढला वाटतं", मी म्हटलं. हे "हं" म्हणाले.

दुपारी खोलीचं दार लावून सगळे चौकोन पलंगावर ओळीने मांडले. मधला सर्वांत शेवटी. पहिल्यापासून शेवटपर्यंत हात फिरवला. डोळे मिटले तरी कळत होतं.

सिस्टरला सांगितलं तर ह्यांची गाडी जाईल. वचन मोडलं म्हणून सुईही जाईल, आणि हे पुन्हा खिडकीशी. न सांगितलं तर दहा तारखेला ह्यांच्या मागे चाळीस माणसं बसतील. हा हिशेब सरळ आहे, वाचनालयातल्या शिपायालाही येईल. तरी मला पाच दिवस लागले, आणि पलंगाच्या कडेला बसल्यावर मनात पहिलं काय आलं? बाईंना काय तोंड दाखवू! ह्यांच्या हाताच्या आधी माझी अब्रू आली. हे फाडून टाकणार नाही. राहू दे लिहिलेलं.

३१ जुलै

सकाळी सिस्टरला फोन केला. म्हटलं, "हात माझा नाही. ह्यांचा आहे. दुसऱ्या चौकोनापासून." ती एक शब्दही वावगा बोलली नाही. सोमवारी अकराला घेऊन या म्हणाली.

वळले तर हे मागे उभे. आता ओरडतील असं वाटलं. खुर्चीत बसले. म्हणाले, "मार्चमध्येच गिअर टाकताना हात अडायला लागला होता. म्हणून सुई धरली. टाके बघून कळेल म्हटलं, वाढतंय का कमी होतंय."

मग मधला चौकोन मांडीवर ओढून म्हणाले, "तू दर गुरुवारी वाचायचीस ना, टाके आणखी बारीक झाले म्हणून. मला वाटलं, बरा होतोय."