उलट्या काऊन होत होत्या

तुमी बोंडअळीची फवारणी करून येसान तवा मी घरी नसन. दादासंग बुलढाण्याले दवाखान्यात चाल्ली. बेसन-भाकर झाकून ठेवली हाय, हात साबणानं धुऊनच जेवजा.

मले दिवस गेलेले नाहीत. सोनोग्राफीत पित्ताचे खडे निघाले, उलट्या त्याच्यानंच. वजन कमी होऊन लेकरू राहाव म्हणून पोट लहान करायचं ऑपरेशन केलं, वजन भराभर उतरलं, म्हणून खडे झाले म्हणे. आता पित्ताची पिशवीच काढतात.

तुमी इतके खुश होते, माह्यं तोंडच उघडलं नाही. तुमच्या आईनं तर गावभर सांगलं. त्याइले तुमीच सांगा.

त्याइनं शिवलेलं दुपटं मी नेऊन राह्यली. नर्सबाई म्हणे, ऑपरेशननंतर खोकला आला का पोटाशी काहीतरी धराव लागते.

— जयमाला