पहिली भाषा

प्रिय प्रसेन,

सप्रेम जय भीम. आबा दुपारच्या एसटीने कोल्हापूरला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देणार नाहीस. मंगळवार पेठेतली पोरं दारात हाका मारत असतील आणि रविवारच्या फायनलशिवाय तुला दुसरं काही सुचत नसेल.

सेमीफायनलला तुझं डोकं गोलपोस्टवर आपटलं, तरी तू उठून बॉल धरलास, हे आबांनी मला फार अभिमानाने सांगितलं. परवा तू इथे पुण्याला, आमच्या केंद्रात, डोक्याच्या तपासणीला आलास. सख्खा भाऊ म्हणून चाचणी मी घेतली नाही, माझ्याबरोबर काम करणाऱ्या अवंतिकाने घेतली. निकाल जूनमध्ये इथल्या फुटबॉल शिबिरात घेतलेल्या चाचणीइतकाच आला, म्हणजे फरक नाही, म्हणजे खेळायला हरकत नाही. तू तिथूनच तुमच्या कोचना, बाळासो सरांना, फोन लावलास.

मला ते पटेना. डोकं ठणठणीत असताना एक चाचणी घेऊन ठेवायची आणि पुढे मार लागला तर तिच्याशी ताडून बघायचं, अशी ही पद्धत. तुझे जूनचे आकडे मी काढले. ते मार लागलेल्या मुलाचे वाटावेत इतके कमी होते. पेठांच्या सगळ्या टीमा ज्याला जर्सीच्या नंबरासकट पाठ, त्याला चाचणीत ऐकवलेले निम्मे शब्दही आठवले नव्हते. मग वर नोंद दिसली. पहिली भाषा, इंग्रजी. मराठीचा पर्याय असूनही. मी विचारलं तेव्हा तू खाली बघत म्हणालास, "ताई, पुण्याची समदी पोरं इंग्लिश म्हणत हुती की. मी एकट्यानं मराठी कसं सांगू?"

मी रागावले नाही. इथे पहिलं वर्षभर मीही माझं हाय-न्हाय गिळून बोलत होते.

म्हणजे जूनमध्ये तुझे शब्द इंग्रजीने अडवले. परवाही चाचणी इंग्रजीतच होती; तेव्हा कशाने अडवले, ते त्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. पण मराठी चाचणी तयार करत होते तेव्हा मी ती घरी तुझ्यावर करून पाहिली होती. तू भाकरी खात सगळे शब्द सांगितलेस आणि मला चिडवायला उलटेही म्हणून दाखवलेस. काल निघण्याआधी चहा घेताना मी तसेच नवे शब्द विचारले. तुला मोजके आठवले, तू हसलास. कप ठेवून बूट घालताना तू विचारलंस, "ताई, ते शब्द कवा इचारणार हायस?"

आज सकाळी मी हे सगळं आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी परवानगी मागे घेतली आहे. बाळासो सरांना मीच कळवलं. रविवारी गोलमध्ये तू नसशील. आबा पोचेपर्यंत तुला काही सांगू नका, अशी त्यांना विनंती केली, कारण हे तुला मैदानावर चारचौघांत कळायला नको होतं. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर काय होतं, ते मी शिकले आहे; तुझ्या बाबतीत ते लिहायला हात धजत नाही. पेठ हरली तर माझं नाव घेतील, घेऊ देत. रविवारी मी घरी येते आहे. उजेडाने तुला त्रास होतो, हे तू सांगितलं नाहीस तरी मला दिसलं. आपण खिडक्या लावून बसू. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

अबोला धरलास तरी तुझीच,
निशाताई