पंधरा नॉट जास्त

रविवार, संध्याकाळ. कारंजा.

आज पुन्हा कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात मोठं जेट उतरवताना धावपट्टीच्या पलीकडे नेलं. त्याच्या वजनाला उतरताना वेग एकशे चाळीस नॉट हवा. मी एकशे पंचावन्न ठेवतो. कमी पडला तर विमान कोसळेल, ही भीती. मग ते टेकतच नाही, निम्मी धावपट्टी वरच्यावर संपते आणि उरलेल्यात ब्रेक पुरत नाहीत. सगळं माहीत आहे, तरी ते पंधरा नॉट सुटत नाहीत. काहून?

काल पोरगी नव्या स्कूटीवर बाजारात निघाली, तर मी मोटारसायकल घेऊन मागे. आरशात मला बघता बघता तिनं भाजीच्या गाड्याला स्कूटी घासली.

"बाबा, तुमी मागं असले की माझं ध्यान समोर राह्यत नाही."

रागावली नव्हती. तेच जास्त लागलं.

आत्ता शेवटचं एकदा उतरवलं, बरोबर एकशे चाळीसवर. बोट वेगाच्या बटणावर गेलं, पण वेग वाढवला नाही. विमान कोसळलं नाही. टेकलं, आणि धावपट्टी उरली.

उद्या ती धनजच्या शाळेत नोकरीवर रुजू होणार, स्कूटीवर, एकटी. मोटारसायकलची चावी बायकोजवळ देऊन ठेवली आहे.