हार्लनच्या रानातून जाणारी वाट

मी, ऑर्लिन आल्बर्ट वेन्झेल, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी कागद गिरणीत वेल्डर, हल्ली नुसता बसून, राहणार केंपर, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. कमरेखालचं सोडलं तर माझं सगळं ठिकाणावर आहे, अक्कलसुद्धा. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला पुष्कळ जण येऊन गेले, त्यांना कॉफी पाजून वाटेला लावलं. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिलं मी रागात केलं होतं आणि दुसरं इस्पितळात.

वकील श्रीमती बिअ‍ॅट्रिस लुंड यांचं म्हणणं पडलं, की मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात. "कोणाला काय, एवढंच लिहा, ऑर्लिन." मी म्हटलं, "बाई, मी कारणं नाही दिली तर माझ्यामागे लोक आपापली घालतील." त्यांनी सुस्कारा सोडला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

कलम १. केंपर गावातलं माझं राहतं घर विकावं आणि येणारी रक्कम कलम ३ मधल्या धक्क्याच्या डागडुजीसाठी वेगळी ठेवावी. स्वयंपाकघरातला ओटा मी बसल्या उंचीवर उतरवून घेतला आहे. घेणाऱ्याची पाठ दुखेल, त्याला माझा इलाज नाही.

कलम २. माझी बंदूक एमेट स्वोबोडा यास द्यावी. एमेट दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे, हे वाचून कोणी दचकू नये. त्याच्या पाठीशी डोळस माणूस बसतो, खांद्यावरून नळीच्या रेषेत बघतो आणि कानात सांगतो, "केसभर डावीकडे... थांब... हं, आता." कायद्याने हे चालतं. गेल्या आठ वर्षांत एमेटने सहा हरणं पाडली, मी तीन. तो मला म्हणतो, "ऑर्लिन, डोळे असून तुझी ही तऱ्हा. मला दे ते, कुठं कामाला तरी येतील." बंदुकीचा खटका जरा हलका आहे, हे त्याला आठवणीने सांगावं. माझी हाताने चालवायची मोटारसुद्धा त्याने मागितली होती. ती त्याला देऊ नये.

कलम ३. आता मुख्य मिळकत. बोबर तळ्याकाठची माझी चाळीस एकर जमीन, त्यावरची शिकारीची खोपी, मासेमारीचा धक्का, चाकांच्या गाड्यावर बांधलेली खालची मचाण, तळं गोठल्यावर मासेमारीसाठी बर्फावर ओढत न्यायचं मोठ्या दाराचं खोपटं आणि वेल्डिंगचं सगळं सामान. चतुःसीमा येणेप्रमाणे: दक्षिणेस तळं, पूर्वेस दलदल, पश्चिमेस सरकारी जंगल, उत्तरेस माझा थोरला भाऊ हार्लन याचे चाळीस एकर. आमच्या वडिलांनी ऐंशी एकरांचे दोन सारखे तुकडे केले. हार्लनला रस्ता आला, मला पाणी आलं. माझ्या तुकड्यात यायचं तर हार्लनच्या रानातूनच यावं लागतं. त्या वाटेचा कागद नाही. भावाभावांत कसला कागद, असं वडील म्हणाले होते.

ही सर्व मिळकत मी ट्रूडी माकेल हिला देतो. अट एकच: ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, धरता येत नाही, अशा कोणालाही तिथे शिकार आणि मासेमारी करता आली पाहिजे, आणि ज्यांना सगळं येतं त्यांनाही मज्जाव नसावा. ट्रूडी माझी कोणी नातलग नाही. कारणं कलम ५ मध्ये आहेत.

कलम ४. १९८८ च्या ऑक्टोबरात, तिरकमठ्याच्या हंगामात, मी अठरा फुटांवरच्या मचाणीतून पडलो. झाडावर चढणाऱ्याने छातीला पट्टा बांधून तो खोडाला अडकवायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा पट्टा त्या सकाळी हार्लनने आदल्या दिवशीचं हरीण आढ्याला टांगायला नेला होता, कारण त्याचा दोर कुजला होता. मी तो हरणाला बांधलेला पाहिला. सोडवायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय! आणि चढलो.

फळीवर दव गोठलं होतं. सातला पडलो, एक वाजता हार्लनला सापडलो. त्याने मासे साफ करायच्या खोपटाचं दार बिजागरीतून उखडलं, मला त्यावर घातलं आणि दोघांना हाताशी घेऊन त्याच्या रानातून मैलभर रस्त्यापर्यंत वाहून नेलं. वाटभर तो मला शिव्या घालत होता. थांबला असता तर मी घाबरलो असतो.

कलम ५. आमच्या खोपीत एक रीत आहे. हरणावर गोळी झाडून ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल घालायचं आणि भिंतीवर ठोकायचं. कात्री थोरल्याच्या हाती, म्हणजे हार्लनच्या. भिंतीवर माझी चार टोकं आहेत, हार्लनची सात. तो पाच सांगतो.

अपघातानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा शिकारीला बसलो. जमिनीवर, फांद्यांच्या आडोशाला, खुर्चीत. चाळीस पावलांवर आठ टोकांच्या शिंगांचा नर उभा राहिला आणि मी चुकलो. गोळीचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. दुपारी जेवायला खोपीत आलो, पाठ टेबलापासून वळवली आणि वाट पाहत बसलो. नवा फ्लॅनेलचा शर्ट मुद्दाम घालून गेलो होतो.

हार्लन म्हणाला, "जाऊ दे रे. बोटं गारठली असतील. सूप घे."

झालं. सगळे वाडग्यात तोंड घालून बसले. पडल्यावर मी रडलो नव्हतो, त्या सुपात रडलो. पुढच्या वर्षी पुन्हा चुकलो, पुन्हा सूप. तिसऱ्या वर्षी मी गेलोच नाही. माणसाला हरवायचं असेल तर त्याला चुकूच द्यायचं नाही, हे मी तेव्हा शिकलो.

ट्रूडी माझ्या कामाच्या शेडमध्ये आली ती १९९३ च्या वसंतात. वय अठ्ठावीस, दुधाचा धंदा, डावा हात मक्याच्या यंत्रात कोपराच्या वरून गेलेला. म्हणाली, "काठी धरली तर रीळ फिरवता येत नाही, रीळ फिरवलं तर काठी धरता येत नाही. आणि बुवा, मला तर मासे धरायचेत." आम्ही कमरपट्ट्यावर एक तिरकी नळी बसवली. काठी नळीत, रीळ उजव्या हातात. पहिल्याच रविवारी तिने हातभर पाईक मासा ओढून काढला आणि अशा काही आरोळ्या ठोकल्या, की पलीकडच्या काठावरचे लोक बुडणाऱ्याला वाचवायला बोट घेऊन आले.

धक्का आम्ही दोघांनी बांधला. त्या वर्षी आमच्या भागात एका मंडळाने अपंगांसाठी म्हणून एक धक्का उघडला होता. मंडळाचं नाव घेत नाही, कारण आता त्यांना स्वतःलाच लाज वाटते. कठडा बरोबर खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, आणि तिथवर जायला सुटी खडी. फीत कापणाऱ्या सगळ्यांना दोन-दोन पाय होते. आमच्या धक्क्याचा कठडा मांडीइतका आहे, वर कोपर टेकायला सपाट फळी. कडेला चार बोटांची पट्टी आहे, म्हणजे चाक पाण्यात जात नाही. चढाला फूटभर उंचीमागे बारा फूट लांबी आहे. हे आकडे ट्रूडीला पाठ आहेत. कोणी शहाण्याने बदलायला सांगितले तर तिने त्याला आधी खुर्चीत बसवून वरखाली फिरवावं.

त्याच नोव्हेंबरात आम्ही गवताच्या जुन्या गाड्यावर खालची मचाण बांधली, खिडकी बसल्या नजरेच्या उंचीला ठेवली, आणि मी ट्रूडीला घेऊन खोपीत गेलो. पहिल्या दिवशी चुकलो. दुपारी टेबलाशी पुन्हा तेच, सूप आणि माना खाली.

ट्रूडी भिंत वाचत होती. तिने विचारलं, "मघाची गोळी कोणाची?"

"माझी."

"लागली?"

"नाही."

"मग ह्यांच्या शर्टाला अजून शेपूट कसं?" ती माझ्याकडे वळली. "काय हो, पाय गेले म्हणून नेम चुकायची सूट मिळते होय? मला नव्हतं माहीत. माझा हात गेला तेव्हा कोणी असलं काही दिलं नाही." तिने खिळ्यावरची कात्री काढली, पण कापड ताणून धरायला तिला दुसरा हात कुठला? ती हार्लनला म्हणाली, "तुम्ही धरा."

हार्लनचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण त्याने माझ्या शर्टाचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि तिने कापलं, वेडंवाकडं, पार कमरेपर्यंत. नवा शर्ट, वाट लावली बाईने! मी इतका हसलो की एमेटने माझं सूप हलवून ठेवलं. हार्लन मात्र बाहेर गेला आणि जेवण थंड होईपर्यंत लाकडं फोडत राहिला. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या खोपीत तीनशेच्या वर खुर्च्या, कुबड्या आणि पांढऱ्या काठ्या आल्या. चुकलेल्या कोणाचंही शेपूट राखलेलं नाही.

कलम ६. ती लाकडं का फुटली, हे कळायला मला वीस वर्षं लागली. मला वाटत होतं हार्लन माझ्यावर दया करतो, आणि त्याबद्दल मी त्याचा राग राग केला. ही माझी चूक. कात्री उचलायचा आपल्याला हक्क नाही, असं तो समजत होता.

सबब, पूर्ण शुद्धीत व दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देतो, की पट्टा हार्लनने नेला हे खरं, परंतु तो नेलेला पाहून चढलो मी. त्या दिवसाचा सर्व दोष माझ्या एकट्याच्या नावे आहे. त्यातला कोणताही हिस्सा हार्लनने स्वतःकडे ठेवू नये. गेली अठ्ठावीस वर्षं त्याने तो परवानगीशिवाय वापरला आहे. वकीलबाई म्हणतात, याला कायद्यात काही अर्थ नाही. नसू दे.

कलम ७. आता वाट. हार्लनचा मुलगा कर्ट मिल्वॉकीला जमिनींची खरेदी-विक्री करतो. पोरगा वाईट नाही. गेल्या ईस्टरला जेवणानंतर तो मला म्हणाला, "ऑर्लिनकाका, दोन्ही तुकडे मिळून तळ्याकाठी बारा बंगले बसतात. गिऱ्हाईक तयार आहे."

"आणि आमची माणसं?"

"त्यांच्यासाठी दुसरी कुठंतरी छान सोय करू की."

"छान सोय मी पाहिलीय. तिला खडी असते."

तो हसला, पण चुकीचं बोलला नव्हता. वाट हार्लनची. मी गेल्यावर ती बंद झाली, तर ट्रूडीला दिलेली जमीन म्हणजे दार नसलेलं घर. मग तिने ती कर्टला विकावी, मी तिला दोष देणार नाही.

हार्लन दोन वर्षं खोपीत आलेला नाही. त्याला कंपवात आहे. पावलं अडखळतात, हातात पेला राहत नाही. मी त्याला खालच्या मचाणीवर ये म्हटलं, तर फोनवर ओरडला, "मी काय तुझ्या त्या लोकांतला नाही!" मी म्हटलं, "अरे, मी तरी कुठं होतो? एका सकाळी झालो." त्याने फोन आपटला.

तरी मी ह्या कागदाद्वारे हार्लनकडे मागतो: वडिलांच्या शब्दावर चालत आलेली वाट, आता कागदावर, नऊ फूट रुंद, कायमची. गुडघे टेकून मागितलं असतं, पण टेकले तर उठवायला त्यालाच यावं लागेल. हा कागद ट्रूडी त्याच्याकडे वाचायला नेईल. खाली जागा सोडली आहे. त्याने ती कोरी ठेवली तरी कलम ६ कायम राहील. ते वाटेच्या बदल्यात दिलेलं नाही.

कलम ८. माझ्यामागे शोक करायचा तर शुक्रवारी करावा, त्या दिवशी मासे तळलेले असतात. ब्रँडी खोपीतल्या फडताळात आहे. मी सुखात जगलो. पाय असताना सुखी होतो, नंतर चार-पाच वर्षं नव्हतो, पुढे पुन्हा झालो. एकूण हिशेबात मला तक्रार नाही.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली.

(सही) ऑर्लिन आल्बर्ट वेन्झेल

साक्षीदार: १. (सही) बिअ‍ॅट्रिस लुंड, वकील. २. (सही) मर्ना टॉल्फसन, पोस्ट खातं, केंपर. दोघींनाही यातून काही मिळत नाही, याबद्दल मर्नाने नाराजी नोंदवली आहे.

ठिकाण: केंपर. दिनांक ३ ऑक्टोबर २०१६.

कोऱ्या सोडलेल्या जागेतला मजकूर, वेगळ्या अक्षरात, दिनांक ९ ऑक्टोबर:

मी, हार्लन वेन्झेल, वय अठ्ठ्याहत्तर, सगळं दोनदा वाचलं. ऑर्लिन लहानपणापासून फार बोलतो. कलम ६ ट्रूडीकडून मोठ्याने वाचून घेतलं, मग तिला जरा बाहेर बसायला सांगितलं.

वाट दिली. नऊ नाही, बारा फूट. समोरासमोर दोन खुर्च्या आल्या तर एकाने मागे का जावं? माझ्यामागे कर्टलाही हे बंधनकारक राहील. त्याला मी फोन केला आहे, तो रुसला आहे, येईल ताळ्यावर. वकीलबाईंनी पक्का दस्त करून आणावा. अक्षर हललं आहे ते हातामुळे, कोणी शंका काढू नये.

एकोणीस नोव्हेंबरच्या शनिवारी, हंगाम उघडतो त्या सकाळी, खालच्या मचाणीवर माझं नाव लिहा. चढावर कोणीतरी मागे उभं राहा. पण मी सांगितल्याशिवाय मला हात लावायचा नाही.

(सही) हार्लन वेन्झेल