कच्च्या सुताचा लगाम

कारधा, मंगळवार, संध्याकाळ

"सूत तुटलं तं चूक तुही, घोडीची नाही." बाबांचं हे वाक्य आज डोक्यातून जात नाही. वरातीच्या घोड्या शिकवताना ते लगामाच्या जागी कच्चं सूत बांधून माझ्या हातात द्यायचे. जरा ओढलं की सूत तुटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. तोंडाला धक्का न देता, नुसत्या बैठकीनं घोडी वळवायला मी तशीच शिकले. त्यांच्या घोड्या सुतावर नाचायच्या.

आज आमच्या मैना घोडीला पाणी दाखवलं, तर बादलीतलं पाणी लाल झालं. तोंड उघडून पाहिलं. जिभेवर जखमा. धाकट्या भावानं, सुधाकरनं, तिला काटेरी लगाम घातलाय.

"कायले घातला रे?"

"डीजेपुढं घोडी सुतानं नाचन का, ताई? बाबाचा जमाना गेला."

"मैना नाचून नाही राहिली. दुखते म्हणून पाय उचलून राहिली."

"लोकाइले सारखंच दिसते," म्हणाला आणि हसला.

तेच तर. सारखंच दिसतं. नाहीतर परवाच्या वरातीत लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या का?

उद्या वरठी गावची वरात. देव्हाऱ्यातला कापूस घेऊन मी सूत वळलंय, का कोण जाणे. सकाळी ते हातात घेऊनच सुधाकरसमोर उभी राहीन. नाहीच म्हणेल तो. तरी म्हणणार आहे, "सुधाकर, आज मैनाले घरी राहू दे. जिभेच्या जखमा भरल्या का मी तिले सुतावर शिकवीन."